यारोस्लाव्ह हायेक आणि सर्कशीतले हत्ती

मित्रांनो, संख्याशास्त्र म्हटलं की तुम्ही पळाल. मीही पळालो होतो. पण सरांनी हत्तींची गोष्ट सांगितली नि मी या माणसाच्या मागेच लागलो.

हायेक यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२६ रोजी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील पोड्येब्राडी या गावी झाला. पुढे ते प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९६७ साली त्यांनी शिडाक यांच्याबरोबर क्रमांकांवरून करायच्या कसोट्यांचा ग्रंथ लिहिला. म्हणजे कसं? खत घातलेली नि न घातलेली रोपे उंचीप्रमाणे एका रांगेत लावा. खतवाली बहुतेक उंच टोकाला आली, तर तो खताचा गुण. मोजपट्टीसुद्धा नको!

आता हत्ती. १९७० साली कॅनडात वॉटर्लू येथे परिषद भरली. तिच्या पुस्तकाचे एक संपादक विद्याधर गोडांबे, आपल्या पुण्यात जन्मलेले. तिथे देबब्रत बसू यांनी गोष्ट रचली ती अशी. सर्कसवाल्याला ५० हत्तींचे एकूण वजन हवे होते. हत्ती तोलायचा म्हणजे काय चेष्टा आहे? त्याने ठरवले, मध्यम बांध्याचा सॅम्बो तेवढा तोलू आणि ५० ने गुणू. पण सर्कशीतला संख्याशास्त्रज्ञ चिठ्ठ्यांवर अडून बसला. शेवटी सॅम्बोला १०० त ९९ संधी, बाकी प्रत्येकाला ४९०० त एक. चिठ्ठी सॅम्बोचीच निघाली. पण सूत्राप्रमाणे वजनाला गुणायचे १०० भागिले ९९ ने! म्हणजे पन्नास हत्ती मिळून एका हत्तीहून जेमतेम जड. आणि सर्वांत मोठा जंबो निघाला असता, तर ४९०० ने गुणायचे. बिचाऱ्याची नोकरी गेली.

वर्गात आम्ही पोट धरून हसलो. पण ही थट्टा हायेक ज्या विषयात काम करीत त्याचीच होती. त्यांनी तिथेच उपाय सुचवला. हत्तींची संख्याही त्याच सूत्राने काढा, वजनाला तिने भागा, मग ५० ने गुणा. १०० भागिले ९९ वरही येते, खालीही येते, उडून जाते. उरते सॅम्बोचे वजन गुणिले ५०. सर्कसवाला बरोबरच होता की! जंबो निघाला तर अंदाज चुकेल, पण ४९०० जंबो तरी होणार नाहीत. मला हे फार आवडलं.

हायेक यांना मूत्रपिंडाचे जुने दुखणे होते. १० जून १९७४ रोजी ते वारले. वय अवघे ४८. ती रीत आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

जंबोचे गणित मी खालच्या कागदावर सोडवून लावले आहे. चुकलं असेल तर सांगा.

(इयत्ता ७ वी)