पुलावरच्या रांगेतून घडलेली संगणकभाषा

महाडहून पोलादपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर एसटी बस आणि मालवाहू ट्रक एकाच रांगेत धावतात. पोलादपूरला काही वाहने आंबेनळी घाटातून महाबळेश्वरकडे वळतात, काही कशेडीमार्गे खेडकडे जातात. रस्ता एकच, पण चढण चढण्याची प्रत्येकाची रीत निराळी. अशी संमिश्र रांग संगणकाला कशी समजवावी, हा प्रश्न नॉर्वेचे गणितज्ञ क्रिस्टन निगार्ड यांना पडला आणि त्यातून प्रोग्रामिंगची दिशाच बदलली.

निगार्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ रोजी ऑस्लो येथे झाला. १९४८ पासून ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत आकडेमोडीच्या कामात होते. १९६० मध्ये ते नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले. तेथे ओले-योहान डाल यांच्यासह त्यांनी ‘सिम्युला’ ही भाषा घडविली.

१९६६ च्या अखेरीस दोघांपुढे एक उदाहरण होते : पूल, टोलनाका आणि रांगेतले ट्रक व बस. रांगेत उभे राहणे दोघांनाही सारखेच, बाकी गुण वेगळे. म्हणून ‘वाहन’ हा मूळ क्लास आणि बस, ट्रक हे त्याचे उपक्लास, अशी मांडणी ‘सिम्युला ६७’मध्ये आली. बिआर्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ पासून हीच कल्पना पुढे नेली आणि सी प्लस प्लस ही भाषा आकाराला आली.

पॉइंटर म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता. ‘वाहन’ क्लासच्या पॉइंटरमध्ये बसचा पत्ता ठेवता येतो, ट्रकचाही. त्याच्यामार्फत ‘घाट चढ’ हे मेंबर फंक्शन बोलाविले आणि ते व्हर्च्युअल असले, तर त्या पत्त्यावर प्रत्यक्ष जे वाहन आहे त्याचेच फंक्शन चालते. ते व्हर्च्युअल नसेल, तर पत्ता बसचा असूनही ‘वाहना’चे सर्वसाधारण फंक्शन चालते. नवशिके विद्यार्थी नेमके येथेच अडखळतात. व्हर्च्युअल फंक्शनचा लाभ मोठा : उद्या रांगेत टँकर आला, तरी रांग हाताळणारा भाग नव्याने लिहावा लागत नाही.

हुकूम वरून सुटला, तरी काम ज्याचे त्याच्याच रीतीने व्हावे, ही दृष्टी निगार्ड यांनी कारखान्यातही जपली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी नॉर्वेच्या लोह व धातू कामगार संघटनेबरोबर काम केले. संगणक कारखान्यात येताना कामगारांनाही त्याचे ज्ञान असावे आणि त्यांचे मत विचारले जावे, असा त्यांचा आग्रह होता.

२००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला, तेव्हा ‘सिम्युला ६७’ला तीन दशके उलटून गेली होती. २९ जून २००२ रोजी डाल यांचे आणि १० ऑगस्टला निगार्ड यांचे निधन झाले. गौरव उशिरा आला आणि तो अनुभवण्यास दोघांनाही फार अवधी लाभला नाही.