धमन्यांचा चित्रकार

पोर्तुगालच्या आवांका या खेड्यात २९ नोव्हेंबर १८७४ रोजी जन्मलेल्या आंतोनियो एगास मोनिझ यांनी आयुष्याची अनेक वर्षे राजकारणात घालवली. खासदार, स्पेनमधील राजदूत आणि १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री अशी पदे भूषवून ते लिस्बनमधील मज्जाविकारांच्या अध्यापनाकडे पूर्णवेळ वळले, तेव्हा वयाची पंचेचाळिशी उलटली होती.

मेंदूतील गाठ नेमकी कोठे आहे, हे त्या काळी लक्षणांवरून ताडावे लागे. क्ष-किरणांत कवटी दिसे, मेंदू नाही. रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडले तर त्यांचे जाळे उमटेल आणि गाठीने ढकललेली धमनी आपली जागा सोडलेली दिसेल, असा मोनिझ यांचा तर्क होता. गाऊटने त्यांचे हात आखडले होते. त्यामुळे सुई धरण्याचे काम सहकारी आल्मेदा लीमा यांच्याकडे असे. आधी मृतदेहांवर प्रयोग झाले. पुढे स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरताना एक रुग्ण दगावला. अखेर सोडियम आयोडाइडचे द्रावण वापरून २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या प्रथमच स्पष्ट टिपल्या गेल्या.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे कडे असते, हे थॉमस विलिस यांनी १६६४ मध्येच मांडले होते. मात्र ते पुस्तकातल्यासारखे पूर्ण कडे असंख्य निरोगी माणसांतही आढळत नाही. कुणात जोडधमनी दोऱ्याएवढी बारीक असते, कुणात ती नसतेच. कुणात मेंदूच्या मागील भागाची धमनी गर्भावस्थेतल्याप्रमाणे मानेतील पुढच्या धमनीतूनच निघते. हे भेद शवविच्छेदकांना ठाऊक होते. आता ते जिवंत रुग्णातही दिसू लागले. धमनीचे वेगळेपण जन्मजात की गाठीमुळे, हा विवेक चिकित्सकाला करावा लागला. मानेतून कवटीत शिरताना धमनीला पडणाऱ्या दुहेरी वळणाला ‘सायफन’ हे नाव मोनिझ यांचेच.

या कार्यासाठी नामांकन होऊनही नोबेलने त्यांना हुलकावणी दिली. ते १९४९ मध्ये मिळाले, तेही मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू छेदण्याच्या, १९३५ मध्ये सुरू केलेल्या शस्त्रक्रियेसाठी. तिने अनेकांचे व्यक्तिमत्त्वच हिरावले आणि पुढे ती त्याज्य ठरली. नोबेल समितीने चुकीचे पान निवडले, असेच म्हणावे लागते.

१९३९ मध्ये एका रुग्णाने झाडलेल्या गोळ्यांतून ते बचावले. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बन येथे त्यांचे निधन झाले.