तीन मिनिटांचे खाँसाहेब
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वसतिगृहाच्या खोलीत गेल्या पावसाळ्यात एक वाद सुरू झाला. खोलीतल्या मैत्रिणीने मोबाइलवर गाणी ऐकण्यासाठी महागडी वर्गणी भरली होती. सीडीवर १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने. तिच्या गाण्यात २४ बिट आणि १,९२,००० नमुने. हे किती पटींनी सूक्ष्म, ते तिने मला कागदावर मांडून दाखविले. माझ्याजवळ कोरेगावच्या बाजारात दीडशे रुपयांना घेतलेले इअरफोन. त्यातून खरे गाणे ऐकूच येत नाही, असे तिचे म्हणणे पडले. ते मला लागले. आमच्या घरी भजनापलीकडे गाणे कोणी ऐकले नाही. कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. रागदारी ऐकण्याचा आपल्याला अधिकार आहे का, ही शंका मनात आधीपासून होतीच.

त्या वेळी ती ऐकत होती झिंझोटीतली ठुमरी, आणि गाणारे होते अब्दुल करीम खाँ. आमच्या सांगलीशेजारच्या मिरजेचे! मी ग्रंथालयातून खाँसाहेबांविषयी मिळेल ते वाचायला आणले. हेतू भांडण जिंकण्याचा होता, हे प्रांजळपणे सांगते.

खाँसाहेब मूळचे मिरजेचे नव्हते. त्यांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतील कैराना गावचा. त्यावरूनच किराना घराणे हे नाव. तरुणपणी ते बडोदे दरबारी गायक होते. तेथे सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचे मन जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे ते मिरजेस आले. प्लेगच्या दिवसांत ते आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन बरे झाले, अशी आख्यायिका आहे. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला. १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य. १९२२ साली ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई, सरस्वती राणे ही नावे आपण आदराने घेतो, पण त्या घराचा गाडा ओढणाऱ्या आईबद्दल फार थोडे लिहिलेले सापडते. मला ते खटकले.

खाँसाहेबांना तंबोरा स्वतः दुरुस्त करता येई. मिरज हे तंतुवाद्ये घडविणाऱ्यांचे गाव, तेव्हा माणूस योग्य ठिकाणी येऊन राहिला म्हणायचा. जवारी लागेपर्यंत त्यांना चैन नसे. स्वराच्या या वेडातूनच ते एका जुन्या वादात सापडले, आणि तो वाचताना मला आमची खोलीच आठवली. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर बावीस श्रुतींचे गणित मांडत होते. खाँसाहेबांनी गाऊन दाखवावे आणि देवलांनी तारेच्या लांबीवरून तो स्वर मोजावा, असे प्रयोग झाले. देवलांचे पुस्तक १९१० साली निघाले. क्लेमंट्स या इंग्रज आय. सी. एस. अधिकाऱ्याने त्या मापांवर लंडनहून खास श्रुती-हार्मोनियम करवून आणली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण भातखंड्यांसारख्या जाणत्यांना पटली नाही. स्वर अधिक बारीक मोजला म्हणजे तो अधिक खरा होतो का, हाच तो प्रश्न. शंभराहून अधिक वर्षे झाली, आता सुरांच्या जागी बिट आले आहेत.

आता तबकड्यांकडे वळते. खाँसाहेबांची पहिली ध्वनिमुद्रणे १९०५ च्या सुमाराची, कर्ण्यात तोंड घालून केलेली. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आले. ज्या ठुमऱ्या आपण ऐकतो त्या १९३४ नंतरच्या, ओडियन कंपनीच्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. तासभर एक राग फुलविणाऱ्या माणसाने तेवढ्यात काय सांगायचे? पण त्यांनी सांगितले. मैफलीचे आमंत्रण ज्यांना कधीच मिळाले नसते, त्यांच्यापर्यंत तो आवाज या तीन मिनिटांनीच पोहोचविला. त्यागराजांची कृतीही त्यांनी तबकडीवर गायिली.

लाखेच्या तबकडीवर जे मुळात उमटलेच नाही, ते १,९२,००० नमुन्यांनी कोठून यायचे? फार तर तबकडीची खरखर अधिक स्पष्ट. हा मुद्दा मी मैत्रिणीपुढे ठेवला. तिने तो मान्य केला, पण जुने जतन करताना हाती आहे तेवढे सगळे जपावे, खरखरसुद्धा, असे उत्तर दिले. ते मला खोडता आले नाही.

मग मला तबकडीच्या गतीची गोष्ट सापडली. जुन्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नसत. ७४ वर भरलेली तबकडी ७८ वर फिरविली, तर आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढतो. काळी एकचे गाणे पांढरी दोनच्या आसपास जाते, लयही वाढते. ही चूक कितीही बिटांनी सुधारत नाही. परंतु सगळे स्वर सारख्याच प्रमाणात चढतात, म्हणून त्यांचे आपसातले अंतर बदलत नाही. ज्या अंतरासाठी खाँसाहेब देवलांपुढे पुन्हा पुन्हा गायले, ते चुकीच्या गतीतही शाबूत राहते आणि दीडशे रुपयांच्या इअरफोनमधूनही ऐकू येते. हे उमगले त्या रात्री मी ती ठुमरी चार वेळा ऐकली.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जाताना खाँसाहेबांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोइल या लहान स्थानकावर ते उतरले आणि फलाटावर अंथरूण घालून, दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हणत त्यांनी देह ठेवला, असे सांगतात. दफन मिरजेस दर्ग्याच्या आवारात झाले. तेथे उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते.

दिवाळीनंतर घरून परतताना मी रेल्वेने सांगलीस न उतरता पुढे मिरजेस गेले. मैत्रीण तेथे आली होती. दर्ग्याजवळच्या गल्लीत एक कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा सरकवीत होता, पुन्हा मागे घेत होता. आम्ही दोघी अर्धा तास उभ्या राहिलो. तिने वर्गणी पुढच्या महिन्याचीही भरली आहे. मी मात्र १९०५ च्या तबकड्या कोणत्या गतीने फिरवाव्यात, हे कोणी लिहून ठेवले आहे का, ते शोधते आहे.