मैदानात बॉल एकच होता, पण चहाचा कप वेगळा : बाळू पालवणकरांची गोष्ट

आयपीएलचा सीझन आला की लातूरचा गांधी चौक असो नाहीतर नांदेडचं वजिराबाद, टपरीवर एकच विषय. कुणी मुंबईवाला, कुणी चेन्नईवाला. मराठवाड्याची स्वतःची टीम नाही, त्यामुळं पोरं दुसऱ्याच्या टीमसाठी जिवाभावाच्या दोस्तांशी भांडतात. पुण्यामुंबईकडं हाच कार्यक्रम मोठ्या स्क्रीनसमोर, क्राफ्ट बिअरचा ग्लास हातात घेऊन होतो. आपल्याकडं कटिंगवर भागतं. पण मॅच झाल्यावर सगळे एकाच टेबलावर बसतात, तीच जुनी मॅच पुन्हा पुन्हा आठवतात आणि बिल कोण देणार यावरून पुन्हा भांडतात.

टीम म्हणजे काय, तर हेच. सोबत खेळायचं, सोबत बसायचं, सोबत प्यायचं.

आता विचार करा. तुम्ही तुमच्या टीमचे सगळ्यात भारी बॉलर आहात. तुमच्या जिवावर टीम जिंकते. लोक तुमच्यासाठी टाळ्या वाजवतात. आणि टी ब्रेक झाला की सगळी टीम आत जाते, तुम्हाला मात्र बाहेर उभं राहून मातीच्या कपात चहा दिला जातो. प्यायचा आणि कप फेकून द्यायचा.

हे खरंच घडलंय. आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात. त्या बॉलरचं नाव बाळू पालवणकर. क्रिकेटच्या जुन्या स्कोअरकार्डवर ते पी. बाळू या नावानं सापडतात.

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलं. कुटुंब चर्मकार समाजातलं. बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळं कुटुंब पुण्यात आलं. पुणे म्हणजे तेव्हा इंग्रजांची मोठी छावणी. जिथं छावणी तिथं क्रिकेट. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट आणि बॉलवर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले.

घरची परिस्थिती बेताची. शाळा लवकर सुटली आणि बाळू कामाला लागले. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा. पगार महिन्याला 3 रुपये. अधूनमधून मेंबर लोकांना सरावासाठी चार बॉल टाकायला मिळायचे.

तिथून ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. पगार 1 रुपयानं वाढला. काम तेच. खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची, साहेबांना बॉल टाकायचा. आणि इथंच खरा खेळ सुरू झाला.

बाळू डावखुरे फिरकी बॉलर. हात तोच, ॲक्शन तीच, पण प्रत्येक बॉल वेगळा. कधी हवेत संथ, कधी टप्पा पडल्यावर झटकन आत. पूना क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे एक इंग्रज अधिकारी होते, त्या काळातले भारतातले नावाजलेले गोरे बॅट्समन. हे ग्रेग तासन्‌तास बाळूंना बॉल टाकायला लावायचे. बाळूंनी आउट केलं की ग्रेग दर वेळी 8 आणे द्यायचे, असा किस्सा आजही सांगितला जातो.

पण गंमत बघा. इतके बॉल टाकले, पण बॅटिंगला बाळूंना कुणी बोलावलं नाही. बॅटिंग म्हणजे साहेबांचं काम, बॉलिंग म्हणजे नोकराचं. जातीची उतरंड फक्त आपल्याकडंच होती असं नाही, क्रिकेटनंही आपली एक उतरंड बनवली होती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. आता शहरातला सगळ्यात चांगला बॉलर तर गोऱ्यांच्याच क्लबात रोलर ओढत होता. त्याला टीममध्ये घ्यायचं की नाही, यावर मोठा वाद झाला. काही मेंबर घ्या म्हणत होते, काहींना ते मान्य नव्हतं. शेवटी जिंकायची हौस जातीच्या नियमापेक्षा मोठी ठरली आणि बाळू टीममध्ये आले.

पण तेही अर्धेच आले.

मैदानात सगळे एकच बॉल हाताळायचे, त्यात विटाळ नव्हता. जेवणाच्या वेळी मात्र बाळूंचं ताट वेगळं, टेबल वेगळं. चहा पॅव्हेलियनच्या बाहेर. तोंड धुवायला पाणी हवं असेल तर त्यांच्यासारख्याच अस्पृश्य समाजातला नोकर मैदानाच्या कोपऱ्यात किटली घेऊन यायचा. आणि ब्रेक संपला की हाच माणूस पुन्हा बॉल हातात घेऊन टीमला मॅच जिंकून द्यायचा.

एकदा हिंदू टीम साताऱ्याला गेली. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याला बाळूंचा धाक ठाऊक होता. फिरकी चालू नये म्हणून त्यांनी खेळपट्टीवर चांगला आठवडाभर रोलर फिरवला. उपयोग शून्य. बाळूंनी 7 विकेट काढल्या आणि पुणेकर जिंकले. त्या विजयानंतरच्या जाहीर कार्यक्रमात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला. सोबत खेळता येतं तर सोबत जेवता का येत नाही, हा रानड्यांचा साधा मुद्दा होता. उत्तर कुणाकडंच नव्हतं.

1896-97 च्या सुमारास प्लेग आला आणि बाळूंचं कुटुंब मुंबईत आलं. इथं हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद, घ्यायचं की नाही. पुन्हा तोच निकाल. बाळू टीममध्ये आले. पुढं त्यांनी रेल्वेत नोकरी केली आणि रेल्वेच्या टीमकडूनही ते खेळले.

मग आलं 1906 साल. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना ठरला. जागा होती बॉम्बे जिमखान्याचं मैदान. या जिमखान्यात भारतीयांना मेंबर होता येत नव्हतं. साहेब लोक आत बसून ड्रिंक घ्यायचे आणि बाहेर मोकळ्या जागेत मुंबईची सामान्य जनता उभी राहायची. त्या दिवशी ती जनता हजारोंनी आली होती.

हिंदूंनी पहिल्या डावात 242 धावा केल्या, युरोपियनांनी 191. दुसऱ्या डावात हिंदू 160 वर आटोपले. युरोपियनांना जिंकायला 212 हव्या होत्या आणि ते 102 वर गारद झाले. या विजयात बाळूंच्या बॉलिंगचा मोठा वाटा होता. त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही याच टीममध्ये होते.

हा विजय म्हणजे नुसती मॅच नव्हती. बंगालची फाळणी नुकतीच झाली होती, देशात स्वदेशीचं वारं होतं. अशा वेळी गोऱ्यांना त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच खेळात हरवलं. समाजसुधारकांना त्यात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना गावात पाणवठ्यावर येऊ दिलं जात नव्हतं, त्या समाजातल्या दोन भावांनी हिंदू टीमची लाज राखली होती. पुढं मुंबईत बाळूंना टीमसोबत एका टेबलावर बसून जेवता येऊ लागलं. एक कप बदलायला इतकी वर्षं गेली.

1911 साली भारताची टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन होते पटियालाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग. महाराजांचं बरंच लक्ष मेजवान्या आणि गाठीभेटींकडं होतं, ते मोजक्याच मॅच खेळले. टीम एकामागून एक मॅच हरत होती. अशा दौऱ्यात एक माणूस मात्र न थकता बॉल टाकत होता. बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून 114 विकेट घेतल्या. त्यातल्या 75 प्रथम श्रेणीच्या सामन्यांतल्या. लेस्टरशायरविरुद्ध टीम जिंकली त्या सामन्यात त्यांच्या 11 विकेट होत्या. केंब्रिजविरुद्ध एकाच डावात 8. खांदा दुखत होता, वय पस्तिशीला आलेलं होतं, तरीही.

इंग्लंडच्या महान डावखुऱ्या फिरकी बॉलर विल्फ्रेड ऱ्होड्सशी त्यांची तुलना होऊ लागली. भारतात तर त्यांना भारताचा ऱ्होड्स म्हणायचे.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्यांना दिलेल्या मानपत्रामागं विशीतला एक हुशार कॉलेज विद्यार्थी होता, भीमराव आंबेडकर. तेव्हा त्या समाजाचा सगळ्यात मोठा हिरो बाळू होते. बाबासाहेबांचा काळ अजून यायचा होता.

आता प्रश्न असा की इतका मोठा खेळाडू टीमचा कॅप्टन झाला का? नाही झाला.

1910 नंतर दर वर्षी चाहते मागणी करायचे, बाळूंना कॅप्टन करा. दर वर्षी कुणीतरी दुसराच व्हायचा. 1913 साली एम. डी. पै कॅप्टन झाले, तेव्हा त्यांनीच मोकळेपणानं मान्य केलं की हा मान खरं तर बाळूंचा होता. एव्हाना गणपत आणि विठ्ठल हे दोन भाऊही पुढं आले होते. चारही पालवणकर बंधू हिंदू टीमकडून खेळले.

1920 साली कडेलोट झाला. बाळूंना टीममधूनच वगळलं. कॅप्टन पै आजारी पडल्यावर दि. ब. देवधरांना कॅप्टन केलं, शिवराम आणि विठ्ठल त्यांच्याहून अनुभवी असूनही. दोघा भावांनी जाहीर पत्रक काढून टीममधून माघार घेतली. पत्रकाचा आशय असा होता की, खेळ बघून निवड करा, जात बघून नको.

पेपरांत चर्चा पेटली. लोक भावांच्या बाजूनं बोलू लागले. अखेर निवड समितीला नमावं लागलं. पुढच्या सामन्यात पै परत आले, भाऊ परत आले आणि बाळू उपकर्णधार झाले. त्या सामन्यात पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे बाळूंना टीमचं नेतृत्व करता यावं. आयुष्यभर मिळालं नाही ते एका सहकाऱ्यानं असं थोडा वेळ का होईना मिळवून दिलं.

तीन वर्षांनी, 1923 साली, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कॅप्टन झाले. फायनलमध्ये युरोपियनांना हरवलं आणि प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं. खेळपट्टी झाडणाऱ्याच्या घरात कॅप्टनपद आलं, पण थोरल्या भावाला नाही, धाकट्याला.

बाळूंच्या गोष्टीचा उत्तरार्ध क्रिकेटचा नाही, राजकारणाचा आहे. आणि तोही सोपा नाही.

बाळू काँग्रेस आणि गांधीजींच्या विचारांकडं ओढले गेले. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत या बाबासाहेबांच्या मागणीला त्यांचा विरोध होता. सप्टेंबर 1932 मध्ये येरवड्यात पुणे करार झाला, त्याच्या सह्यांमध्ये डॉ. आंबेडकरांची सही आहे आणि पी. बाळू यांचीही.

1937 साली मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाबासाहेबांच्या विरोधात बाळूंना उभं केलं. ज्याच्या सत्काराच्या मानपत्रामागं आपण होतो, त्याच माणसाशी बाबासाहेबांची लढत झाली. आंबेडकरांना 13,245 मतं मिळाली, बाळूंना 11,225. बाबासाहेब जिंकले, बाळू हरले.

यात एक हिरो आणि एक व्हिलन शोधायचा मोह होतो. पण दोघांचे अनुभव बघा. बाळूंनी डोळ्यांनी पाहिलं होतं की सोबत खेळता खेळता ताट एक होतं, उशिरा का होईना. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की समोरच्याच्या मनाला पाझर फुटायची वाट बघत किती पिढ्या घालवायच्या, हक्क कायद्यानंच मिळाला पाहिजे. बाळूंचा खेळच सांगतो की बाबासाहेब का बरोबर होते. ज्याच्या हातात इतकी कला होती, त्यालाही एका कपासाठी वर्षानुवर्षं जिंकत राहावं लागलं. मग ज्याला बॉल फिरवता येत नव्हता त्यानं काय करायचं?

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळू पालवणकर गेले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 विकेट, सरासरी 15 च्या आसपास. भारत पहिली कसोटी खेळला 1932 साली, तोवर बाळू निवृत्त होऊन वर्षं उलटली होती. त्यामुळं कसोटीच्या यादीत त्यांचं नाव नाही.

आठवणीतूनही ते हळूहळू गेले. विठ्ठल यांनी 1948 साली मराठीत आपलं आत्मचरित्र लिहिलं, तेही फार कमी जणांना माहीत होतं. 2002 साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरच्या पुस्तकात बाळूंची गोष्ट सविस्तर मांडली आणि नवीन पिढीला हे नाव कळलं. लगान सिनेमातला फिरकी टाकणारा कचरा आठवतो ना? त्याचं नाव निघालं की क्रिकेटवाले हमखास बाळूंचं नाव काढतात.

नांदेड-लातूरकडं बाबासाहेबांचं नाव घरोघरी आहे आणि क्रिकेट तर गल्लोगल्ली. या दोन्ही गोष्टी ज्या एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या, तो मात्र गप्पांमध्ये नसतो. भारताचे सगळ्यात भारी स्पिनर कोण यावर पुढच्या वेळी टपरीवर वाद होईल. बेदी, कुंबळे, अश्विन, जडेजा अशी यादी निघेल. त्या यादीची सुरुवात कुठून करायची, हे आता तुम्हाला माहीत आहे.