स्पाइक मिलिगन : वेडगळ गाणी रचणारा पिता

प्रास्ताविक

मुलांच्या पुस्तकातून काहीतरी शिकायला मिळालेच पाहिजे, ही अपेक्षा आपल्याकडील पालकांच्या मनात खोलवर रुजलेली आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले, तेव्हापासून ज्ञान आणि सद्वर्तन हे मराठी बालसाहित्याचे दोन आधारस्तंभ मानले गेले. ज्या पुस्तकात तात्पर्य नाही, माहिती नाही, केवळ वेडगळ चित्रे आणि अर्थहीन शब्द आहेत, ते मुलाच्या हाती द्यावे की नाही, असा प्रश्न अनेक पालकांना पडतो. या प्रश्नाचा विचार एका लेखकाच्या चरित्राच्या आधारे करता येतो. हा लेखक इंग्रजीत लिहिणारा असला, तरी त्याचा जन्म आपल्याच मातीतला आहे.

छावणीतील बालपण

भिंगार हे गाव अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर शहराला लागून आहे. १८०३ मध्ये इंग्रजांनी नगरचा भुईकोट किल्ला जिंकला आणि पुढे या परिसरात मोठी लष्करी छावणी वसली. या छावणीशी भिंगारचे जीवन आजही जोडलेले आहे. ब्रिटिश फौजेतील कुटुंबे येथे येत, काही वर्षे राहत आणि बदली झाली की निघून जात. अशाच एका लष्करी कुटुंबात १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन यांचा जन्म झाला. पुढे ते ‘स्पाइक’ या नावाने प्रसिद्ध झाले.

त्यांचे वडील लिओ मिलिगन हे आयरिश वंशाचे सैनिक, तर आई फ्लॉरेन्स इंग्लिश होत्या. दोघांनाही गाण्याबजावण्याची आणि रंगमंचाची आवड होती. सैनिकांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत वडील गात व नाचत. वडीलधाऱ्यांनी मुलांसमोर सोंग घेणे, गंमत करणे यात कमीपणा नाही, हा संस्कार मिलिगन यांना घरातूनच मिळाला. त्यांचे बालपण पुण्यात आणि नंतर रंगून येथे गेले. पुण्यात त्यांनी कॉन्व्हेंट शाळेत शिक्षण घेतले. घरात इंग्रजी आणि भोवती हिंदुस्थानी, अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाचा शब्दांच्या अर्थाआधी त्यांच्या नादाशी परिचय होतो. मिलिगन यांच्या पुढील लेखनातील नादप्रधानतेचे एक मूळ येथे शोधता येते.

युद्ध, आजार आणि विनोद

१९३० च्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब इंग्लंडला गेले. उन्हात वाढलेल्या मुलाला लंडनचे करडे आकाश आणि हलाखीचे दिवस सोसावे लागले. किरकोळ नोकऱ्या करीत त्यांनी जॅझ वादनाचा छंद जोपासला. दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यातील संदेशवाहक सैनिक म्हणून ते उत्तर आफ्रिका व इटली येथील आघाड्यांवर लढले. १९४४ मध्ये इटलीत उखळी तोफेच्या माऱ्यात ते जखमी झाले. शरीराची जखम भरली. मनाला बसलेला धक्का मात्र कायम राहिला.

१९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर गाजलेल्या ‘द गून शो’ या कार्यक्रमाचे ते प्रमुख लेखक होते. दर आठवड्याला नवे लेखन करण्याचा ताण असह्य होऊन १९५२ च्या अखेरीस त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तीव्र नैराश्याचे झटके त्यानंतर आयुष्यभर येत राहिले. अशा काळात ते स्वतःला खोलीत कोंडून घेत आणि कुटुंबापासूनही दूर राहत.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. वेड पांघरून पेडगावला जाणे हा वाक्प्रचार याच जिल्ह्यातील पेडगावशी जोडला जातो. त्याचा अर्थ वेडाचे सोंग जाणीवपूर्वक घेणे असा आहे. मिलिगन यांचा आजार खरा होता आणि तो वेदनादायक होता. त्यांच्या पुस्तकांतील वेडगळपणा मात्र पांघरलेला होता. लय, यमक आणि विसंगती यांवर पक्की पकड असल्याशिवाय असे लेखन साधत नाही. आजारामुळे विनोद निर्माण झाला, असे सोपे समीकरण मांडणे म्हणूनच योग्य नव्हे.

घरात जन्मलेली पुस्तके

१९५२ मध्ये मिलिगन यांचा पहिला विवाह झाला आणि त्यांना तीन मुले झाली. हा विवाह टिकला नाही. १९६२ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. त्यातून त्यांना आणखी एक मुलगी झाली. घरातील या घडामोडींच्या काळातच त्यांचे बालसाहित्य आकाराला आले. १९५९ मध्ये ‘सिली व्हर्स फॉर किड्स’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक गाणी स्वतःच्या मुलांना हसवण्यासाठी रचलेली होती. काही तर मुलांच्या तोंडून सहज निघालेल्या बोलांवरून सुचलेली होती. पुस्तकातील चित्रेही त्यांचीच आहेत. ती सफाईदार नाहीत. जेवणाच्या टेबलावर हाताला लागेल त्या कागदावर काढल्यासारख्या त्या रेषा आहेत.

याच संग्रहातील ‘ऑन द निंग नँग नाँग’ ही कविता सर्वांत लोकप्रिय ठरली. तिच्यात एका काल्पनिक प्रदेशातील गायी, माकडे, झाडे, चहाच्या किटल्या आणि उंदीर आपापले विचित्र आवाज काढतात. कथा नाही, बोधही नाही. केवळ आवाजांचा मेळ आहे. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या मतदानात ती सर्वांची आवडती विनोदी कविता ठरली. इंग्लंडच्या शाळा-तपासणी संस्थेने २००७ मध्ये प्राथमिक शाळांत सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या दहा कवितांत तिचा उल्लेख केला.

‘बॅडजेली द विच’ ही चेटकिणीची गोष्टही त्यांनी आपल्या मुलांसाठी स्वतःच्या हस्ताक्षरात व चित्रांसह लिहिली होती. ती १९७३ मध्ये छापली गेली. हरवलेल्या गायीच्या शोधात निघालेली दोन भावंडे चेटकिणीच्या तावडीत सापडतात आणि जंगलातील विक्षिप्त प्राण्यांच्या मदतीने सुटतात. या गोष्टीची ध्वनिमुद्रिका न्यूझीलंडमधील मुलांनी रेडिओवर वर्षानुवर्षे ऐकली.

पालकांच्या शंका

अशा पुस्तकांविषयी पालकांच्या मनात साधारणपणे तीन शंका असतात. मोडके-तोडके शब्द वाचून मुलाची भाषा बिघडेल, ही पहिली. भयानक पात्रे पाहून मूल घाबरेल, ही दुसरी. वेळ वाया जाईल, ही तिसरी. शाळेच्या अभ्यासावर मुलाचे भवितव्य अवलंबून आहे असे मानणाऱ्या घरात या शंका अधिकच तीव्र होतात, आणि त्यामागील काळजी खरी असते.

तथापि मोडलेला शब्द पाहून हसण्यासाठी मुलाला मूळ शब्द ठाऊक असावा लागतो. विसंगती कळण्याकरिता संगती आधी कळलेली असावी लागते. चेटकीण चित्रात वेडीवाकडी दिसली की भीती हास्यात विरते. शिवाय अशी गाणी मोठ्याने म्हणून दाखवावी लागतात. आवाज काढताना वडीलधाऱ्यांना आपली प्रतिष्ठा क्षणभर बाजूला ठेवावी लागते. पालकांना खरा संकोच वाटतो तो बहुधा येथेच.

मिलिगन यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष अर्थपूर्ण ठरते. आजारामुळे अनेक दिवस मुलांपासून दुरावणाऱ्या पित्याला त्यांच्याजवळ परत येण्यासाठी या पुस्तकांची वाट होती. मुलांना परीकथा खऱ्या वाटाव्यात म्हणून ते परींच्या नावाने चिमुकली पत्रे लिहून बागेत ठेवीत. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधील परी व बुटक्यांच्या कोरीव आकृतींनी सजलेल्या ‘एल्फिन ओक’ या जीर्ण ओंडक्याची डागडुजीही त्यांनी १९६० च्या दशकात पुढाकार घेऊन केली.

त्यांचा सगळा विनोद निर्दोष होता असे नाही. १९६९ मधील ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी चेहरा रंगवून पाकिस्तानी-आयरिश पात्र रंगवले. वांशिक थट्टेमुळे तिच्यावर टीका झाली आणि ती लवकरच बंद पडली. कोणावर हसावे आणि कोणासोबत हसावे, याचा विवेक पालकांनी जागा ठेवला पाहिजे, हे यातून दिसते.

अखेरचा काळ

भारतात जन्म आणि आयरिश पिता यांमुळे कायद्यातील बदलानंतर त्यांचे ब्रिटिश नागरिकत्व आपोआप टिकले नाही. निष्ठेची शपथ घेण्यास नकार देऊन त्यांनी आयरिश नागरिकत्व स्वीकारले. त्यामुळे २००१ मध्ये मिळालेला नाइट हा किताब मानद स्वरूपाचा राहिला. २७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सारांश

मराठीत विंदा करंदीकर यांनी ‘राणीची बाग’ (१९६१) आणि ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) यांतून बोधापलीकडील आनंद मुलांना दिला. मिलिगन यांचे लेखन याच सुमाराचे आहे. बालसाहित्यातील वेडगळपणा हा बेफिकिरीचा पुरावा नसून मुलाच्या पातळीवर उतरण्याची पालकाची तयारी असू शकते, हे त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.

स्वाध्याय

१. मिलिगन यांच्या बालपणाचा त्यांच्या लेखनावर झालेला परिणाम स्पष्ट करा.
२. विनोदी सचित्र पुस्तकांविषयी पालकांना वाटणाऱ्या शंकांचे परीक्षण करा.
३. आपल्या घरातील लहान मुलाला एक विनोदी सचित्र पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याच्या व आपल्या प्रतिसादाची नोंद दहा ओळींत लिहा.