मामाची मुलगी, इरावतीबाई आणि जनुकांचा हिशेब

सातारा-सांगली भागात मुलाच्या लग्नाचा विषय निघाला, की बऱ्याच घरांत पहिले नाव मामाच्या मुलीचे येते. घर माहितीचे, माणसे माहितीची, मुलगी परक्या घरी जात नाही आणि भावा-बहिणीचा जिव्हाळा टिकतो. या सोयरिकीमागे पिढ्यांचे शहाणपण आहे. पण अशाच एखाद्या घरात धडधाकट जन्मलेले बाळ चार-पाच दिवसांत दूध ओढेनासे होते, सुस्त पडते, त्याला झटके येतात. आधीचेही बाळ असेच गेलेले असते. मग सुनेचा पायगुण निघतो, बाहेरचे बघितले जाते. आनुवंशिक चयापचय विकाराची शंका मात्र फार उशिरा येते.

आपल्याकडे कोण कोणाशी लग्न करतो, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास इरावती कर्वे यांनी केला. वाचकांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. पण त्यांचे मूळ शास्त्र माणसाच्या शरीराचे आणि वंशपरंपरेचे होते.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे त्यांचा जन्म झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. शिक्षणासाठी मुलीला लहानपणीच पुण्याला हुजूरपागेत पाठवण्यात आले आणि ती रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली. फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये पदवी घेतल्यावर इरावतीबाईंनी मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केला. त्यांचे पती दिनकर कर्वे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी कर्वे यांचे चिरंजीव. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना सुनेचे परदेशी जाणे पसंत नव्हते. तरीही १९२८ मध्ये त्या जर्मनीला गेल्या.

बर्लिनमध्ये त्यांनी मानववंशशास्त्र आणि आनुवंशिकतेच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली काम केले. माणसाची कवटी डावी-उजवीकडे सारखी नसते. या असमानतेचा वंशाशी संबंध आहे का, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. गोऱ्या माणसांचे श्रेष्ठत्व कवटीतही दिसावे, अशी त्या काळच्या वंशशास्त्राची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. गुरूला न रुचणारे उत्तर परक्या देशात, विद्यार्थिदशेत देणे सोपे नव्हते. पुढे १९३३ मध्ये जर्मनीत आनुवंशिक आजारांच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला आणि फिशर यांच्या संस्थेने त्या धोरणाला शास्त्राचे बळ पुरवले. आनुवंशिकतेचा अभ्यास कोणत्या टोकाला जाऊ शकतो, याचे हे उदाहरण आजही विसरण्यासारखे नाही.

मायदेशी परतल्यावर काही वर्षे एसएनडीटी विद्यापीठात काम करून १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या बाई म्हणून त्यांची ओळख होती. मोजमापाची साधने घेऊन त्या गावोगाव फिरल्या आणि नात्यांची माहिती जमवत राहिल्या. त्यातून १९५३ मध्ये भारतातील नातेसंस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. उत्तरेत रक्ताच्या नात्यात लग्न निषिद्ध आणि दक्षिणेत तेच पसंतीचे, या दोन रीतींच्या मधोमध महाराष्ट्र कसा बसतो, हे त्यांनी दाखवले. आपल्याकडच्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी चालत नाही.

इथे आरोग्याचा मुद्दा येतो. रीत मामाच्या आणि आत्याच्या मुलीत फरक करते, जनुके करत नाहीत. दोन्ही नात्यांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. प्रत्येक माणसात काही सदोष जनुके लपलेली असतात. जोडीतले दुसरे जनुक चांगले असल्याने त्रास होत नाही. आई आणि वडील दोघांकडेही तेच सदोष जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. अन्नातील एखादा घटक पचवून पुढे नेणारे एन्झाइम मग बाळाच्या शरीरात बनतच नाही आणि विषारी द्रव्य साठत जाते. सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न झाल्यास बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. तरीही अशा बहुतेक जोडप्यांची मुले निरोगी असतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

पण नात्यात लग्न केले नाही, म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. डॉ. कैलाश मल्होत्रा यांच्यासह इरावतीबाईंनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची शरीरमापे, रक्तगट अशा गोष्टी तपासल्या. तो अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच नावाखाली ओळखले जाणारे हे समूह शारीरिकदृष्ट्या एकसारखे नसल्याचे त्यात दिसले. खरे एकक आहे ती आपसांतच लग्ने करणारी छोटी पोटजात. अशा बंद वर्तुळात लांबच्या नात्यातही तेच सदोष जनुक फिरत राहू शकते. यात कोणतीही जात वरचढ किंवा कमअस्सल ठरत नाही.

सातारा जिल्ह्याशी त्यांचा थेट संबंध आला तो कोयना धरणामुळे. विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, इरावतीबाई गेल्या.

योगायोगाने त्याच वर्षी भारताचा पेटंट कायदा संमत झाला. आज आनुवंशिक विकारांच्या उपचाराची चर्चा या कायद्यापर्यंत जाते. रोग न करणाऱ्या विषाणूच्या पोटात चांगले जनुक भरून ते शरीरातील पेशींत पोहोचवायचे, ही जनुक उपचाराची पद्धत. चरबी पचवणाऱ्या एन्झाइमच्या अभावावरचा असा पहिला उपचार युरोपात २०१२ मध्ये मंजूर झाला. किंमत होती सुमारे दहा लाख युरो. मोजक्याच रुग्णांना तो मिळाला आणि २०१७ मध्ये बंद पडला. आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार माणसावर उपचार करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, निसर्गातील पदार्थ नुसता शोधून काढला म्हणूनही मिळत नाही. प्रयोगशाळेत घडवलेल्या विषाणूवर मात्र दावा करता येतो. तो खरोखर नवा आहे का, जाणकाराला सहज सुचला नसता असा आहे का, हे परीक्षक तपासतात. पेटंट मिळण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो. मिळाल्यास वीस वर्षांची मक्तेदारी. म्हणून ही तपासणी नुसती कागदोपत्री नाही. औषध आपल्या आवाक्यात येणार की नाही, हे बरेचसे तिथे ठरते.

तोवर हाती काय आहे? बरेच काही. घरात लहान बाळ कारण न कळता दगावले असेल, तर लग्नाआधी किंवा पुढच्या गरोदरपणाआधी आनुवंशिकता तज्ज्ञांना भेटावे. जाताना दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर मांडून न्यावी. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर यातले अनेक विकार ओळखता येतात. काहींत तर वेळेवर सुरू केलेल्या विशेष आहारानेच मूल नीट वाढते. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणानुसार ठरावीक आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्यासाठीच्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे.

इरावतीबाईंनी आयुष्यभर लोकांना नाती विचारली, ती समजून घेण्यासाठी. डॉक्टर नाती विचारतात तेव्हा त्यामागेही हाच हेतू असतो. त्या वेळी काही लपवू नये आणि दोष एकट्या सुनेच्या माथी मारू नये. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेले असते.