लक्ष्मणराव किर्लोस्कर : बेळगावहून कुंडलच्या माळावर

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकऱ्यांत रुजली होती. त्यामुळे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांना आपला पहिला नांगर विकण्यास तब्बल दोन वर्षे लागली.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस गेले. पण रंगांतील भेद नीट उमगत नसल्याने यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावास परतले. बंधू रामुअण्णांसह १८८८ मध्ये थाटलेले सायकलींचे दुकान तेथे होतेच. त्यातूनच पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि नांगर आले.

शेतकऱ्याच्या शंकेला व्यवहाराचीही बाजू असावी. लाकडी नांगर गावचा सुतार-लोहार दुरुस्त करी. ओतीव लोखंड मात्र ऐरणीवर ठोकून सरळ होत नाही. झिजलेला फाळ बदलावाच लागतो. नवा फाळ जुन्या नांगरावर नेमका बसायचा, तर प्रत्येक फाळ सारख्याच मापाचा हवा. एका नमुन्यावरून वाळूचे साचे घ्यावेत, भट्टीतील रस त्यांत ओतावा आणि एकसारखे शेकडो भाग काढावेत, हा ओतशाळेचा मार्ग म्हणूनच मोलाचा. नांगर खपण्याइतकेच त्याचे सुटे भाग मिळत राहणे महत्त्वाचे होते.

धंदा रुळत असतानाच नव्या वसाहतीसाठी बेळगावातील जागा सोडावी लागली. नगरपालिकेच्या दृष्टीने ती बाब किरकोळ असेल. शहराने मात्र एक कारखाना गमावला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. कुंडल रोड स्थानकानजीकचा निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ त्यांनी देऊ केला, शिवाय दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये मोजके कामगार व त्यांची कुटुंबे तेथे उतरली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी राखणीचे काम विश्वासाने सोपवले.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक आटली आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पुढे उसाचे चरक आणि पंपही तेथे तयार होऊ लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. कुंडल रोड स्थानकाचे नाव आज किर्लोस्करवाडी आहे.